उजवी की डावी?

लोकलच्या खिडकीसाठी माणूस भांडतो ते वाऱ्यासाठी. विमानाची खिडकी उघडत नाही, वारा येत नाही, डोकं टेकवलं तर कानशील गारठतं. तरी तिच्यासाठी आम्ही तिकिटावर वेगळे पैसे भरतो. भरायचेच आहेत तर डोळसपणे भरावेत, एवढंच माझं म्हणणं. आमच्या घरात या म्हणण्याला ‘झालं यांचं सुरू’ असं नाव आहे.

विमानातली सीट पत्रिका जुळवतात तशी घ्यावी लागते. दिशा, वेळ, महिना आणि पंख, हे चार ग्रह आधी पाहायचे. आमची सिक्कीमची टूर ऑक्टोबरातली होती. दिल्लीहून बागडोगऱ्याला निघालेलं विमान पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला कलून जातं. म्हणजे उत्तर डाव्या हाताला, आणि उत्तरेला अख्खा हिमालय. जाताना ‘ए’, येताना ‘एफ’, विषय संपला. ऑक्टोबरात सूर्यही दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे डावीकडे उन्हाचा त्रास नाही. उजवीकडच्यांना ऊन आणि गंगेचं सपाट मैदान, दोन्ही भरपूर मिळतं. हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं होतं. त्यावर तीन अंगठे आले आणि बहुतेकांनी जातायेता दोन्हीकडे ‘ए’ घेतली, कारण ते पहिलं अक्षर.

पंखाचा ग्रह सगळ्यात वक्री. मधल्या बऱ्याच रांगा त्याच्या मालकीच्या. तिथे बसलेल्याला दोन तास पत्र्यावरचे रिव्हेट मोजता येतात. पंखाच्या मागे बसावं तर इंजिनाच्या गरम हवेने डोंगर थरथरतात. पुढे बसावं तर पैसे जास्त. आणि काही ‘विंडो’ सीटना खिडकीच नसते! खिडक्या कुठे पाडायच्या ते विमान बांधणारा ठरवतो, खुर्च्या किती दाटीवाटीने ठोकायच्या ते विमान कंपनी ठरवते. या दोघांचा हिशेब जुळला नाही की मधल्या भिंतीकडे बघत बसायचं काम आपलं.

मी पुढची, पंखाच्या अलीकडची ‘ए’ घेतली होती. बायको कडेच्या सीटवर, ‘उठायला बरं’ म्हणून. मधे टूरमधल्या एक काकू. विमान सरळ झाल्याबरोबर त्या म्हणाल्या, “अहो, ते शटर जरा ओढून घ्या ना, उजेडाने झोप येत नाही.”

“काकू, हिमालय दिसणार आहे.”

“आपण तिकडेच तर चाललोय!”

याला उत्तर नाही. मी शटर चार बोटं उघडं ठेवलं आणि मान वाकडी करून धौलागिरीची वाट पाहत राहिलो. बायको पलीकडून माझ्याकडे, ओळख नसल्यासारखं पाहत होती.

शिखरं आली ती ढगांच्या वर, रांगेने. विमान दहा किलोमीटरच्या वर असतं, तरी ती खाली वाटत नाहीत, समोर उभी वाटतात. एव्हरेस्टने मात्र जरा निराशा केली. ल्होत्से-नुप्त्सेच्या मागून डोकावणारा काळपट त्रिकोण. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत सापडलेला नवरदेवच. कांचनजंगा खरी ऐटबाज. ८,५८६ मीटर, म्हणजे उंचीत तिसरी, पण बागडोगऱ्याला जवळची, त्यामुळे सगळं आभाळ आपलंच असल्यासारखी. एकोणिसाव्या शतकात, एव्हरेस्टचं गणित सुटेपर्यंत, हिलाच जगात सर्वांत उंच मानायचे ते उगाच नाही.

तेवढ्यात वैमानिकाने घोषणा केली, “डावीकडे पाहा.” झालं! उजवीकडची अख्खी टूर पट्टे सोडून आमच्या रांगेवर ओणवी झाली. काकू खडबडून उठल्या आणि “सांगायचं नाही का आधी?” म्हणत माझ्या मांडीवर कोपर रोवून फोटो काढू लागल्या. हवाई सुंदरी ‘कृपया बसून घ्या’ म्हणत होती. तिचं ऐकत होतो तो फक्त मी, कारण मला हलताच येत नव्हतं.

रात्री गंगटोकच्या हॉटेलात ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. प्रत्येकात कांचनजंगा आणि तिच्या शेजारी माझा उजवा कान. एका फोटोखाली पुण्याहून कुणाच्या तरी मेहुण्याने विचारलं होतं, “अप्रतिम! हे उजवीकडचं, बर्फ नसलेलं शिखर कुठलं?”