मुक्काम पोस्ट चीन

चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला एकटं वाटायचं कारण नाही. सरकार त्याची रोज आठवण काढतं. देशात उतरल्यावर २४ तासांच्या आत मुक्कामाची नोंद पोलिसांकडे हवी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात, भाड्याच्या घरात राहत असाल तर आपली आपण. म्हणजे गणपतीला पुण्याला जाऊन आलं की, वर्षानुवर्षं त्याच घराचं भाडं भरणाऱ्याने बहुतेक ठिकाणी पुन्हा कळवायचं, की बाबांनो, मी अजून इथेच राहतो.

बीजिंग-शांघाय अंतर १,३१८ किलोमीटर. वेगवान गाडी ते साडेचार तासांत कापते. स्टेशनावर चिनी मंडळी ओळखपत्र यंत्राला टेकवून आत सटकतात. आपण मात्र पासपोर्ट घेऊन कडेच्या रांगेत. तिथला माणूस फोटो बघतो, आपल्याला बघतो, परत फोटो बघतो. ताशी ३५० किलोमीटरच्या देशात आपला वेग त्याच्या मानेवर अवलंबून! गाडीत उकळतं पाणी फुकट मिळतं, तेवढं कौतुक करायलाच हवं.

बाकी सगळा संसार फोनमध्ये. भाजीवालीसुद्धा नोट बघून कपाळाला आठ्या घालते आणि क्यूआर कोड पुढे सरकवते. बॅटरी संपली की खिशात पैसे असून कंगाल. म्हणून पॉवरबँक हवीच. पण २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात ‘थ्री-सी’ हा चिनी प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. तेव्हा जाणार असाल तर आपली घरीच ठेवा, तिकडेच नवी घ्या. पैसे अर्थातच फोनवरून द्यायचे. तोवर चार्जिंग जपा.