झाशीच्या राणीच्या गाण्याचा व्हिडिओ : नवशिक्यांसाठी

आधी गाणं ठरवा. भा. रा. तांब्यांची राणीच्या समाधीवरची कविता घ्या. लताबाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग तयार आहे. अंगावर काटा आणायचं काम तेच करतं. (हक्कांचं नंतर बघू, असं म्हणायचा प्रघात आहे.) मात्र शब्द नीट ऐकत बसू नका. कवी वाटसरूला समाधीपाशी थांबवतो, आणि तुम्हाला तर घोडा उधळायचाय.

समाधी ग्वाल्हेरला, फूलबागेत. राणी जून १८५८ मध्ये लढताना पडली ती ग्वाल्हेरलाच. तरी शूटिंग झाशीत करा. शंभरेक किलोमीटर इकडेतिकडे झाले, पण नावात झाशी आहे म्हटल्यावर किल्ला हवाच. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, तेव्हा ड्रोन न विचारता उडवू नका. आत ‘कडक बिजली’ तोफ आहे. तिच्या शेजारी नायिकेला उभं करा आणि केस उडायला पंखा लावा.

मग या ‘जंपिंग स्पॉट’ला. राणीने दत्तक दामोदरला पाठीशी बांधून घोड्यासकट इथूनच खाली उडी घेतली, असं गाइड सांगतो. एकदा कठड्यावरून वाकून तळ बघा, मग घोड्याचा विचार करा. इतिहासाची पुस्तकं भांडेरी दरवाज्याचं नाव घेतात. पण दरवाज्यातून बाहेर पडण्यात स्लो मोशनला काय वाव? वेढ्याच्या दिवसांत गोडसे भटजी झाशीतच होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आलं. ते वाचलंत तर पाण्याचे हाल, जाळपोळ, घराघरांतली कापाकापी असं बरंच सापडेल, आणि त्यातलं काहीच तालात बसणार नाही. वाचू नका.

एडिटिंगचा नियम सोपा : शब्द तसं चित्र. अश्रू म्हटलं की डोळा, डोळा मिळाला नाही तर पाऊस. दृश्यं कमी पडली तर सोहराब मोदींचा १९५३चा ‘झाँसी की रानी’ आहेच, तोही टेक्निकलरमध्ये. एक शॉट दोन सेकंदांवर जाऊ देऊ नका.

दुसराही एक मार्ग आहे, आणि मला विचाराल तर खरा तोच : ग्वाल्हेरला जा, समाधीसमोर ट्रायपॉड लावा, गाणं संपेपर्यंत कॅमेरा हलवू नका. एडिटर फोन करून विचारेल, फाइल हँग झालीय का?