फोटू काहून काढायलात?

डिसेंबरातली सकाळ. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीच्या थांब्यावर एसटी उभी राहिली तेव्हा काचा दवानं पांढऱ्या झाल्या होत्या. आतल्या एका पोरानं स्वेटरच्या बाहीनं काच पुसली. त्या गोल भोकातून त्याचा एक डोळा आणि लाल कानटोपी दिसली. तेवढा फोटो मला मिळाला. सॉल लायटर नावाचा छायाचित्रकार १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ओलसर काचांतून असंच रंगीत शहर टिपत होता. त्याच्या हाताशी मोबाइलमधला तयार फिल्टर नव्हता.

हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली 'सिनेमॅटिक गाव' म्हणून जे मोबाइलवर फिरतं ते बघवत नाही. वर-खाली काळ्या पट्ट्या, सावल्या निळ्या-हिरव्या, चेहरे केशरी, एखाद्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या आणि मागं रडकी बासरी. जिंतूर तालुक्यात हे रंग चढवले की काळी माती निळी पडते आणि उन्हात रापलेला माणूस हळद लावल्यासारखा दिसतो. पट्ट्या चिकटवून सिनेमाची २.३९ : १ची चौकट मिळत नाही, असलेलं चित्रच कापलं जातं. ती आडवी चौकट खरी शोभते पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाला. १९६८ साली पूर्ण झालेली ती मातीची लांबच लांब भिंत, वर नुसतं आभाळ, बाजूला उघडेबोडके डोंगर. मी पाऊण तास एकाच जागी उभा होतो. मग शेळ्यांचा कळप भिंतीच्या रेषेखालून सरकला आणि धुळीत ऊन अडकलं. सिनेमात प्रकाश करायला माणसं असतात. इथं थांबावं लागतं, एवढाच फरक.

खरी अडचण वेगळीच आहे. मुंबईच्या लोकलमध्ये कुणाचाही फोटो काढून गर्दीत विरघळता येतं. येलदरीत तशी गर्दीच नाही. चहाच्या टपरीवर मोबाइल वर केला तशी एक मावशी म्हणाली, ''फोटू काहून काढायलात? घरकुलाचं हाय का?''

हा प्रश्न साधा नाही. आमच्याकडं कॅमेरा येतो तो कामानं येतो. घरकुलाचा हप्ता पडायचा तर बांधकामाचा फोटो लागतो. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं की पंचनाम्याला फोटो. २०२१पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतः बांधावर उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवतो. फोटोपाठोपाठ काहीतरी मिळेल, ही अपेक्षा गावाला सरकारनंच लावली आहे. अशा ठिकाणी लपून फोटो काढणं आणि त्यावर 'निरागस' असं लिहून पसरवणं मला चोरीसारखं वाटतं. विचारावं. विचारल्यानं क्षण जातो म्हणतात. गेला तर गेला, दुसरा येतो.

मी मावशींना खरं ते सांगितलं, घरकुलाचं नाही, आवड म्हणून काढतोय. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, हातातली कपबशी खाली ठेवली आणि टपरीच्या खांबाशी ताठ उभ्या राहिल्या.

''पायापासून घ्या. अर्धा नका घेऊ.''

पायापासून घेतला. मागं स्टोव्हची निळी ज्योत, पातेल्यातून वर जाणारी वाफ, पायांत झिजलेल्या स्लिपर. माझ्या मनातली चौकट पार मोडली होती, पण चित्र त्यांचं होतं. ''कागदावर आणून द्या, मोबाइलातला नको,'' एवढं बजावून त्यांनी कपबशी उचलली. जिंतूरच्या स्टुडिओत प्रत टाकली आहे. सोमवारच्या गाडीनं घेऊन जायची आहे.