पूर्वपक्षाची खुर्ची रिकामीच

नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेजवळच्या पाच वडांवर आकडे टाकलेले आहेत. एक ते पाच. यात्रेकरू येतो, बोट नाचवत मोजतो, पाच भरले की हात जोडतो. आकडे कुणी टाकले, आसपास सहावा वड आहे का, हे विचारायला तो आलेलाच नसतो. तो पाच मोजायला आलेला असतो आणि पाच भरतात.

आता एखाद्या पक्क्या पंचवटीकराला सांगून पाहा की तेलंगणात भद्राचलमजवळ, याच गोदावरीच्या काठी, पर्णशाला नावाचं गाव आहे. रामाची पर्णकुटी आमच्याकडे होती आणि सीताहरणही इथंच झालं, असं तिथले लोक मानतात. ऐकल्याबरोबर गृहस्थाच्या अंगात पुरातत्त्व खातं संचारतं. शिलालेख आहे का? उत्खनन झालंय का? कोणत्या ग्रंथात आहे, अध्याय सांगा! प्रश्न सगळे रास्त. फक्त ते घेऊन हा गृहस्थ स्वतःच्या गल्लीतल्या गुंफेपर्यंत कधी गेलेला नसतो. जटायूचीही तीच गत. आपलं इगतपुरी तालुक्यातलं टाकेद, आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलम, अशा तीन ठिकाणी तो धारातीर्थी पडलेला आहे, आणि तिन्ही ठिकाणचे लोक उरलेल्या दोघांना भाबडे समजतात.

परक्याच्या दाव्याची आपण उलटतपासणी घेतो, घरच्या दाव्याची दृष्ट काढतो. उत्खननाचंही तेच. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी 1950-51च्या सुमारास नाशिक खणलं, दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर दाखवले, तेव्हा केवढे थोर संशोधक! तेच सांकलिया पुढं म्हणाले की रामायणातली लंका मध्य भारतातच कुठंतरी असावी. त्यावर आपण शांतपणे विषय बदलला.

या कलेचं भव्य सादरीकरण नाशिकनं 31 मे 2022 रोजी पाहिलं. प्रश्न होता हनुमानाचा जन्म कुठला. त्याच्या वर्षभर आधी, 2021च्या रामनवमीला, तिरुपतीच्या देवस्थानानं आपल्या सात डोंगरांपैकी अंजनाद्री हेच जन्मस्थान, असं जाहीर केलं होतं. कर्नाटकानं हंपीजवळच्या किष्किंधेकडं बोट दाखवलं. आपल्याकडं त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहेच. किष्किंधेचे स्वामी वाल्मीकी रामायण घेऊन थेट इथं आले, अंजनेरीचे गावकरी रस्त्यावर उतरले आणि शेवटी नाशिकरोडला शास्त्रार्थ ठरला. इकडच्यांच्या हाती ब्रह्मपुराण होतं. पोथ्या दोन्ही बाजूंना होत्या आणि खुणेचं पान आधीच दुमडलेलं होतं.

सभा अडली ती मात्र जन्मस्थानावर नाही, आसनावर. स्वामी उंचावर आणि बाकीचे महंत खाली, हे कसं चालेल? शब्दाला शब्द वाढला, एका महंतांनी माइक उगारला, पोलीस मध्ये पडले आणि शास्त्रार्थ निकालाविना संपला. हनुमानाचा पत्ता मिळाला नाही. दोन्हीकडची मंडळी मात्र जास्तच खात्रीनं घरी गेली.

याचं नवल वाटायचं कारण नाही. 1979 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात फाशीच्या बाजूचे आणि विरोधातले असे विद्यार्थी बसवून दोघांनाही तेच दोन अभ्यास वाचायला दिले होते, एक फाशीला अनुकूल, एक प्रतिकूल. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास काटेकोर वाटला, समोरचा ढिसाळ. वाचून उठले तेव्हा अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. त्यांच्याकडं माइक नव्हता, एवढाच फरक.

त्याही आधी, 1960 साली, पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञानं लोकांना 2, 4, 6 हे आकडे दिले आणि त्यांमागचा नियम ओळखायला सांगितलं. लोक 8, 10, 12 विचारत, 20, 22, 24 विचारत. तो ‘बसतं’ म्हणे आणि यांची छाती फुगे. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. 1, 2, 3 असं विचारून स्वतःलाच पाडून बघायचं बहुतेकांना सुचलं नाही. मोबाइलवर आपण तेच करतो. ‘हनुमानाचा जन्म कुठं झाला’ असं कोण विचारतं? आपण लिहितो, ‘अंजनेरीच जन्मस्थान पुरावे’. यंत्र हुकमाचं ताबेदार. ते पुरावे आणून पुढ्यात ओततं. तिकडं किष्किंधेजवळच्या कोप्पळमध्ये बसलेला माणूस त्याच यंत्राला किष्किंधा विचारतो आणि त्याचंही पोट भरतं.

खरं तर या रोगावरचं औषध आपल्याच घरात होतं. न्यायशास्त्रानं वादाचे प्रकार पाडून ठेवले आहेत. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प आणि स्वतःचं काहीही न मांडता दुसऱ्याचं नुसतं मोडायचं ती वितंडा. आपल्या शास्त्रचर्चेची रीतही अशी की आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं. मग आपला सिद्धान्त. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या त्या सभेत परंपरेचा हा एवढा भाग मात्र कुणालाच आठवला नाही.

2027चा सिंहस्थ तोंडावर आहे. देशभरचे साधू येतील, डोंगरांचे दावेही येतील आणि पुन्हा कुणीतरी शास्त्रार्थाचं आव्हान देईल. तेव्हा आयोजकांना हात जोडून दोन विनंत्या. अंजनेरीवाल्यांनी पहिली दहा मिनिटं किष्किंधेची बाजू मांडावी, किष्किंधावाल्यांनी अंजनेरीची. समोरचा ‘हो, आमचं म्हणणं हेच’ म्हणेपर्यंत पुढं जाऊ नये. आणि बसायला सगळ्यांना एकच सतरंजी अंथरावी.