सुतावरून सोफा

मध्यमवर्गीय संसारात सोफ्याचे कापड फाटणे ही घटना सामान्यतः आठ-पंधरा दिवसांत निकालात निघते. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष नैसर्गिक धाग्याचा उपासक असतो, त्या घरात तिची रीतसर फिर्याद दाखल होते, दफ्तर उघडले जाते, आणि मग तारखेवर तारीख पडत पडत निकाल इतका लांबतो की सोफा हा बसण्यासाठी असतो, ही मूळ कैफियतच घरची मंडळी विसरून जातात. असे उपासक पुण्यात विपुल आढळतात. वयाने ते बहुधा सेवानिवृत्त, वृत्तीने मात्र तहहयात नोकरीवर. खांद्याला खादीची पिशवी आणि पिशवीत भिंग, कात्री, चिमटा व आगपेटी असा सरंजाम घेऊन ते लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाची पायरी चढू लागले, की गल्ल्यावरचा मालक नोकराला पंखा लावण्याऐवजी पाण्याची बादली हाताशी ठेवण्यास सांगतो.

१९४१ साली जगात महायुद्ध पेटलेले होते, हे त्यांना ठाऊक असते. तथापि त्या साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनज्ञांनी टेरिलीन निर्माण केले, हा अनर्थ त्यांच्या लेखी अधिक दूरगामी होय. म्हणूनच दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याची त्यांची तयारी नसते. ठाणाच्या कडेचे चार धागे उपटून, चिमट्यात धरून ते काडी ओढतात. कागद जळल्याचा वास येऊन मागे मऊ करडी राख उरली तर सूत. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. आणि धागा वितळून, आक्रसून त्याची टणक काळी गुठळी झाली, तर ती गुठळी तळहातावर घेऊन ते दुकानदाराकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर अफरातफर उघडकीस आणणाऱ्या हिशेबतपासनिसाखेरीज अन्य कोणास साधणार नाही. जवसाच्या झाडापासून होणारे लिनन आणि कपाशीचे सूत ही दोन्ही वनस्पतिज असल्यामुळे जवळजवळ सारखीच जळतात, ही या न्यायपद्धतीतील पळवाट ते पुरती जाणतात. दुकानदारास मात्र तिचा सुगावा लागू देत नाहीत.

शुद्धता सिद्ध झाली म्हणजे कापड पसंत पडले, असे मानणारा मनुष्य भाबडा समजावा. खरी उलटतपासणी तेथून पुढे. जाड विणीचे सुती कापड टिकाऊ खरे, परंतु आधी भिजवून न घेता शिवले तर पहिल्याच धुण्यात आटते, आणि पावसाळ्यात ओल धरून बुरशीस आश्रय देते. लिनन शीतल आणि बळकट. पण बसून उठलेल्या पाहुण्याची साद्यंत आकृती ते सुरकुत्यांच्या रूपाने जतन करून ठेवते. लोकरीला कसर लागते. रेशीम उन्हाने जीर्ण होते आणि सोफा तर खिडकीखाली. तो हलवावा, अशी सूचना सौभाग्यवतींकडून एकदा आली होती, ती विषयांतर म्हणून खारीज झाली. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा तिच्यामागोमाग विणकर आले आणि त्यातून औरंगाबादचे हिमरू जन्मले, ही परंपरेने चालत आलेली कथा सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. पण हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र नांदतात याचे स्मरण होताच तोच कंठ कोरडा पडतो. संकर त्यांना मंजूर नाही, मग तो दोन सज्जनांचा का असेना.

वास्तविक सोफ्याच्या कापडात धाग्याच्या कुळाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, विणीची घट्टता महत्त्वाची. विरळ विणीचे खानदानी कापड रोजच्या उठण्याबसण्याने लवकरच झिजते. हे मी एकदा नम्रपणे सुचवले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. माझ्या सदऱ्याकडे पाहिले.

दरम्यान सोफ्याचे जुने कापड 'केव्हाही लागेल' म्हणून उतरवून ठेवलेले असल्यामुळे काथ्यावरचे तरट तेवढे दिवाणखान्यात उघडे पडलेले असते. आलेला पाहुणा त्यावर टेकतो, मांडीखाली काहीतरी टोचते म्हणून सरकतो, सरकल्याने आणखी टोचते, आणि चहा येण्यापूर्वीच त्याला महत्त्वाचे काम आठवते. यजमान त्याला दारापर्यंत पोचवीत अभिमानाने सांगतात, "ताग आहे. शंभर टक्के." याबाबतीत त्यांच्या बोलण्यात तिळमात्र अतिशयोक्ती नसते.

मागच्या पावसाळ्यात एका दुकानात मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. काडी दमट होती; तिसऱ्या ओढीला तिचा गुल उडाला आणि थेट त्यांच्या करड्या विजारीवर, गुडघ्याच्या वर, जाऊन बसला. आम्ही झटकेपर्यंत तेथे वाटाण्याएवढे भोक पडले होते आणि त्याच्या कडेला काळे, टणक, तकतकीत मणी जमले होते. दुकानात शांतता पसरली. मालकाने एक शब्दही न उच्चारता त्यांचेच भिंग उचलून अदबीने त्यांच्यापुढे केले. त्यांनी ते घेतले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून त्या भोकाची बराच वेळ शहानिशा केली, नखाने एक कण खरवडून बोटांत चुरला.

"टेरिकॉट," ते म्हणाले. "पण ही राख पाहा, मऊ आहे. तेहतीस टक्के तरी सूत निघेल."