फळी बसली, मामी उभी

भाच्याला गाडी हवी छोटी, पण आठ फुटी सर्फबोर्ड आत मावणारी. संगमनेरात! इथं लाट येते ती प्रवरेला आवर्तन सुटल्यावर, तीही उसाला.

वॅगनआरची लांबी ३६५५ मिलिमीटर, म्हणजे बारा फूट. त्यातून इंजिनाचं नाक वजा. चार मीटरच्या आतली छोटी पेट्रोल गाडी म्हणून जीएसटी १८ टक्के, एवढंच समाधान. बोर्ड अजून घ्यायचाय, म्हणून शोरूममध्ये बांबू नेला. मागची सीट पाडली, पुढची लोळवली. टोक डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पायाशी टेकलं.

"मामा, बसली!"

"फळी बसली रे. मामी कुठं बसणार?"

बाहेरून वीस फुटी पीव्हीसी पाइप मोटारसायकलवर चालला होता, शेपटाला लाल फडकं.