दुसरबीडहून हर्णैला : सहकुटुंब समुद्रदर्शनाची कार्यपद्धती

प्रस्तुत मार्गदर्शन दुसरबीड आणि पंचक्रोशीतल्या अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांचं सोयाबीन विकून झालंय, तुरीला अजून वेळ आहे आणि घरात कोणीतरी "एकदा समुद्र दाखवा" म्हणून हटून बसलंय. ठिकाण आम्हीच ठरवलं आहे : रत्नागिरी जिल्हा, दापोली तालुका, हर्णै बंदर. गोव्याचं नाव काढू नये. गोव्यात पाहुणे समुद्र बघतात; हर्णैत समुद्राचा माल उतरतो आणि डोळ्यांसमोर त्याचा लिलाव होतो. ज्याची निम्मी हयात जालन्याच्या मोंढ्यात रांग धरण्यात गेली, त्याला हेच बघणं लवकर कळेल.

"खाऱ्या पाण्याचं आम्हाला काय कौतुक, आम्ही लोणार पाहिलंय," असं म्हणणाऱ्या काकांना गाडीत मागच्या सीटवर बसवावं. लोणारचं पाणी खारं आहे, हे मान्य. पण त्यात भरती नाही आणि पलीकडचा काठ दिसतो. खडकपूर्णा धरणातल्या रोहू-कटल्याचे जाणकारही सोबत असतील, तर त्यांना काकांशेजारी जागा द्यावी. दोघांचं जमतं.

मार्ग सोपा आहे. समृद्धी महामार्ग धरायचा आणि नागपूरकडे पाठ करायची. इगतपुरीजवळचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा संपेपर्यंत मुलांना ओरडू द्यावं, मग ती झोपतात. रस्ता भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला तो याच मुलखात. म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या तालुक्यातून निघालेला माणूस थेट त्यांच्या लेकाच्या आरमाराच्या दारात उतरतो. हे वाक्य गाडीतल्या ज्येष्ठांनी एकदाच म्हणावं, दर टोलनाक्याला नाही. पुढे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या रुंदीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली. समृद्धीची घोषणा त्यानंतरची. तिचे 701 किलोमीटर जून 2025 मध्ये पूर्ण खुलेही झाले. कोकणातल्या माणसापुढे हा विषय काढू नये. तो पाहुण्याला चहा पाजत असेल तेव्हा तर मुळीच नाही.

जून-जुलैत निघू नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तसंही त्या दिवसांत आपल्याकडे पेरणी आणि डवरणी असते. आपलं शेत उघडतं तेव्हा त्यांचं बंद होतं, आणि दोघेही आभाळाकडेच बघत असतात.

वेळेचा हिशेब मोबाईलला विचारू नये, तिथीला विचारावा. किनाऱ्यावरचं जुनं गणित असं : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला अकरा वाजून गेल्यावर. रोज पाऊण-एक तास पुढे. पंचांग तर आत्याबाईंच्या पिशवीत असतंच. भेंडवळच्या घटमांडणीवरून वर्षभर वाद घालणाऱ्या जिल्ह्याला हे गणित फार बेचव वाटेल, कारण ते बरोबर येतं. हिशेब न करता गाडी वाळूत घालायचीच असेल, तर ती बाहेर ओढायला बैलजोडी आधी ठरवून ठेवावी.

बैलजोडी हा विनोद नाही. मुख्य बघण्यासारखं तेच आहे. मोठ्या नौका किनाऱ्यापासून लांब नांगर टाकतात, आणि माल आणायला, बर्फ पोचवायला बैलगाड्या समुद्रात उतरतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, लाट येते, ते मान हलवतात. इथे दुसरबीडकरांनी मोठ्यानं "अरे, बैल!" असं ओरडू नये. आपण शहरी दिसतो. शांतपणे जवळ जावं, जूं बघावं, खुरं बघावीत आणि गाडीवानाला विचारावं की मिठानं सांध्यांना काही होतं का, पोळ्याला यांना सजवता का. या दोन प्रश्नांवर जी ओळख होते, ती दहा हजारांच्या रिसॉर्टमध्ये होत नाही.

सकाळी आणि पुन्हा दुपार कलल्यावर लिलाव लागतो. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, माकूल यांचे ढीग पडतात आणि बोली चढते. आपण ती हर्रास म्हणून ओळखतो. पद्धत इतकी ओळखीची आहे की नकळत हात वर जातो. हात खिशात ठेवावेत. नाहीतर चार टोपल्या बांगडे गळ्यात पडतील. पापलेटकडे जरा अदबीनं बघावं, 2023 पासून तो राज्याचा अधिकृत मासा आहे. एक फरक मात्र काळजाला लागेल. सोयाबीनच्या ढिगात यंत्र खुपसून, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला म्हणून भाव तोडतात. इथे माल पाण्यातून आलेला, वर बर्फात घातलेला, ठिबकत असलेला, आणि मॉइश्चरचं कोणी नावही काढत नाही! यावर भाष्य करायचं असेल तर ते आपसात, हळू आवाजात करावं.

किरकोळ घ्यायचं असेल तर पाजपंढरी-हर्णैच्या बायका वाटे लावून बसतात. त्यांना "मावशी" म्हणावं. कल्ले लाल, डोळा चमकदार, बोट दाबलं तर खड्डा न राहणारा मासा घ्यावा, पण प्रत्येक मासा दाबून बघू नये. आपल्या वांग्यांना गिऱ्हाईक नखं लावतं तेव्हा काय वाटतं, ते आठवावं.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. होडीनं जाता येतं, उतरताना पाय ओले होतात. दाराच्या पायरीवर कासव कोरलंय आणि भिंतीवर मारुती आहे. आत्याबाईंची सोय झाली. इतिहास सांगायची जबाबदारी काकांवर आली तर त्यांना एवढंच पाठ करायला लावावं : किल्ला आंग्र्यांचा, 1755 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांकडून तो काढून घेतला, तोफा डागल्या त्या कमोडोर विल्यम जेम्सनं. तो मेल्यावर त्याच्या बायकोनं 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा उभारला आणि त्याला याच किल्ल्याचं नाव दिलं, सेव्हर्नड्रूग. मनोरा अजून उभा आहे. आपलंच आरमार बुडवायला आपणच परक्याला बोलावलं, यावर गाडीत भांडण होणार. होऊ द्यावं. परतीचा रस्ता लांब आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्लाही आहेत. फत्तेगडावर आता कोळ्यांची घरं आहेत. तिथे कोणाच्या ओसरीत उभं राहून सेल्फी काढू नये.

माळकरी मंडळींना ठेचा, ज्वारीची भाकरी घरूनच द्यावी आणि जेवणाची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवडावी. सुकटीच्या वासाची मात्र त्यांनी तक्रार करू नये. तोच वास आठवडी बाजारात दर खेपेला नाकाला पदर लावून ओलांडलेला असतो. तो कुठून निघतो, एवढंच इथे कळतं.

येताना पापलेट आणायचे झाले तर थर्माकोलचा डबा, एक थर बर्फ, एक थर मासे, वरून पुन्हा बर्फ, आणि झाकणाला चिकटपट्टी. डबा आत्याबाईंच्या सीटखाली ठेवू नये. घरी पोचल्यावर शेजारी आधी भाव विचारतील. खरा सांगावा. मग ते मनात 2025-26 च्या क्विंटलला 5,328 रुपयांच्या हमीभावानं किती किलो सोयाबीनला एक पापलेट पडलं याचा हिशेब करतील आणि बराच वेळ गप्प बसतील. तेवढ्यात कालवण चुलीवर चढवून घ्यावं. विचारपूस करायला आलेला माणूस जेवल्याशिवाय उठत नाही, आणि डब्यात मासे मोजकेच असतात.